न उघडलेला डबा

शनिवार, दुपार. वर्तकनगरमधल्या आमच्या समुपदेशन केंद्राची मागची खोली. हजर: केंद्राच्या प्रमुख मॅडम, माझी सहकारी अनघा, नवीन लागलेला निखिल आणि मी. गैरहजर: जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं, ती मुलगी.

दर शनिवारी जेवताना आम्ही एकेकाची केस मांडतो. नाव, आडनाव सांगायचं नाही, असा नियम. मी सांगितलं, मुलगी शहाडची, कोलशेतच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत छाती धडधडते, हात गार पडतात. काही दिवस आली, आता थांबली.

"धडधडतं कशामुळे?" मॅडमनी विचारलं.

मी डब्याचं सांगितलं. लॅबमधल्या बायका गोल करून बसतात, डबे फिरतात. हिचा डबा मात्र झाकण न उघडता हिच्यापुढे परत येतो. कोणाचं डाएट असतं, कोणाचा उपास. एप्रिलमध्ये हिनं जयंतीची सुट्टी मागितली, तेव्हापासून.

मॅडम हसल्या. "आलं लक्षात. अगं, ह्या लोकांच्या घरात हेच शिकवलेलं असतं. कोणी डबा खाल्ला नाही, जात. कोणी हसलं नाही, जात. एवढ्या सवलती मिळाल्या, पण न्यूनगंड काही जात नाही."

निखिल हसला. अनघानं मान हलवली. मॅडमच्या हातात माझ्या डब्यातली चपाती होती.

माझं आडनाव गावावरून आलेलं. ऐकून काही कळत नाही. इतकी वर्षं मीही कळू दिलं नव्हतं. कल्याणच्या चाळीत वाढले, तिथे दारातून आत पाऊल टाकलं की समोर बाबासाहेबांचा फोटो. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तोच फोटो मी आतल्या खोलीत लावला. पाहुणे तिथवर येत नाहीत.

मी म्हटलं, "मॅडम, हे बोलणं मला अपमानाचं वाटलं."

अनघा बोलली. आवाज तोच, क्लायंटसाठी राखलेला, मऊ.

"ताई, खरंच अपमान होता का तो, की तुम्हाला तसा वाटला? जरा तपासून बघू या ना. पुरावा काय आहे?"

वाक्य माझं होतं. त्या मुलीला मी हेच विचारलं होतं, असंच, मऊ आवाजात.

ही आमची कामाची पद्धत. एखादा विचार छळतो, तर कागदाचे दोन भाग करायचे. एकीकडे त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, दुसरीकडे विरुद्ध. पद्धत चांगली आहे. गॅस चालू राहिला असेल या भीतीनं घराबाहेर न पडणारी माणसं मी तिच्यामुळे बाहेर पडलेली पाहिलीत. पण त्या मुलीचा गॅस खरंच चालू होता.

विरुद्ध बाजूला ती काही लिहीना. शेवटी पेन मी घेतलं आणि लिहिलं, "त्यांचं खरंच डाएट असेल."

तिनं ते वाचलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही कुठल्या?"

प्रश्न मला कळला होता, गावाच्या आडून विचारलेला जातीचा. आमच्यात तो सगळ्यांना कळतो. पुराव्याशिवाय विश्वास ठेवेल असं समोर कोणी बसलंय का, ते ती बघत होती.

मी म्हटलं, "आपण इथे तुझ्याबद्दल बोलतोय ना?"

समुपदेशकानं स्वतःबद्दल बोलायचं नाही, हा नियम आहेच. मी त्याच्या आड लपले. तिनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि गेली. फाइलमध्ये मी लिहिलं, "सामाजिक प्रसंगांची भीती. श्वसनाचा सराव चालू."

त्या शनिवारी मी अनघाला म्हटलं, "मी तुझी क्लायंट नाही. आणि मॅडम, ह्या लोकांच्या घरात म्हणालात ना, त्याच घरातली मी."

मॅडम गडबडल्या. "अगं, तुला थोडीच म्हटलं? तू तर आमचीच आहेस."

"तिला म्हटलंत. म्हणजे मला म्हटलंत."

पुढच्या शनिवारी मी डबा नेहमीसारखा मध्ये ठेवला. सगळ्यांनी घेतलं. मॅडमनी दोनदा वाढून घेतलं. कधी घेत नाहीत. "मस्त झालीये गं भाजी," म्हणाल्या. सगळे माझ्याकडे बघत खात होते. डबा ओढून झाकण लावावंसं वाटलं.

मॅडमचे शब्द लागले. पण झोपताना डोळ्यांसमोर येतं ते माझं पेन. डबा न उघडता का परत येतो, ते मॅडमना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि डाएट मी लिहिलं.

झालेली कामं: फोटो बाहेरच्या खोलीत लावला. फाइलमधली ओळ खोडून लिहिलं, "कामाच्या जागी जातीवरून अपमान." मॅडमना सांगितलं, ही ओळ बदलायची असेल तर माझ्या जागी दुसरी बाई बघा. अपमान सांगायला आलेल्या माणसाकडे मी यापुढे पुरावा मागणार नाही. कोणी मागितला, तर त्याला तिथेच अडवेन.

राहिलेलं काम: तिला फोन केला, तिनं उचलला नाही. मेसेज लिहिला, "पुढची वेळ कधी सोयीची पडेल?" पुसला. तिनं परत यावं, ही माझी सोय. तिनं मला एक प्रश्न विचारला होता. उत्तर एका ओळीचं आहे. लिहायला घेतलं की मागे माफी येऊन चिकटते. माफी पाठवली की मला समजून घ्यायचं काम तिच्या गळ्यात पडणार. तेवढं तरी तिच्यावर टाकायचं नाही.

माफी काढून नुसतं उत्तर पाठवायचं. ते अजून पाठवलेलं नाही.