बगळा घंटेपर्यंत हलत नाही

शुद्धलेखन चुकेल, सांभाळून घ्या. आठवीत शाळा सोडली, भारी शब्द माझ्याकडे नाहीत. पण फजिती एवढी मोठी झाली, की साध्या शब्दांतही मावायची नाही!

शाळा सोडली आणि कोपरीतल्या एका शाळेतच शिपाई झालो. घंटा वाजवणं माझं मुख्य काम.

दुसरीत सुमीत होता. दोन मिनिटं बाकावर टिकेल तर शपथ! डॉक्टर म्हणालेले, पोरगा व्रात्य नाही, त्याचं लक्षच ठरत नाही. ओरडू नका, गोष्टींतून सांगा. पण मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "शुक्रवारी मी वर्गात बसणार. एक तास बसला तर ठीक, नाहीतर दुसरी शाळा बघा."

त्याच्या वर्गाच्या प्रधानबाईंच्या गोष्टीतला ससा बिळातून निघेपर्यंत सुमीत खिडकीत चढलेला. शेवटी त्या म्हणाल्या, "हरेश, तू सांगून बघ रे."

मी लाजत लाजत सांगितली. माझे बाबा खाडीत मासे धरायचे, त्यामुळे मला सुचला बगळा. "ओहोटीला चिखलात बगळा उभा. पाणी चमकतंय, त्याला उडावंसं वाटतंय. पण हलला तर मासा पळेल ना?"

"मग कधीपर्यंत उभा?"

"घंटा होईपर्यंत!"

इथेच माशी शिंकली.

शुक्रवारी, मधल्या सुट्टीआधीचा तास. मोठ्या बाई मागच्या बाकावर. मी दारात, हातोडी घेऊन. आणि काय सांगू! सुमीत बसला! पाठ ताठ, मान लांब, डोळे फळ्यावर. बघता बघता मला खाडीच दिसायला लागली. ते चमकणारं पाणी, ओला वारा, बाबांची होडी हळूहळू लांब जातेय...

"सुमीत, तास संपला बाळा. डबा खा," प्रधानबाई म्हणाल्या.

"घंटा नाही झाली, बाई."

"अरे, मी सांगतेय ना!"

"बगळा नाही हलत."

शेजारच्या स्वातीनेही मान लांब केली. मग तिच्या मागच्याने. चाळीस बगळे! बाकीचे वर्ग भुकेने बोंबलत होते.

"हरेश कुठाय?" मोठ्या बाई कडाडल्या.

कुठे असणार? दारातच. एका पायावर उभा.

"अरे, वीस मिनिटं झाली सुट्टीला!"

सुमीत शाळेत राहिला. मीही राहिलो, कसाबसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंच्या हुकमावरून घंटेखाली बाक टाकून गुपचूप बसलो. शेजारी सुमीत. तो मला गोष्ट सांगत होता, "एक होता शिपाई. त्याचं लक्षच ठरायचं नाही..."

गोष्ट इतकी छान होती, की पहिल्या तासाची घंटा राहिलीच!