मागची सीट

आमच्या गडचिरोलीत जुनी मोटरसायकल घ्यायची म्हटलं की लोक आधी चौकातल्या मिस्त्रीकडे जात. तो पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. मग घेणाऱ्याला मागं बसवून धानोऱ्याच्या खडबडीत रस्त्यावर गाडी पिटाळायचा. स्वतः मागं कधीच बसायचा नाही. "पुढं बसनारा रस्ता पाहते, मांगचा नुसता सोसते," एवढंच त्याचं शास्त्र.

मी मास्तर, बायको नर्स. मला एक हलकी, पळणारी गाडी आवडली होती. तिच्यावर फिरवून त्यानं मला उतरवलं, तेव्हा कंबर दुखत होती. तरी मी म्हणालो, "चालते."

"तुमाले कोन विचारून राह्यलं? मांगं त बाई बसन."

सोबत आलेली बायको शेजारी उभ्या रुंद सीटच्या गाडीकडे बघत होती. म्हणाली, "लस टोचाले मले खेड्यांत एकटीलेच जा लागते भाऊ. मीच चालवीन."

भावाच्या गाडीवर ती शिकली होती, हे मला ठाऊक होतं. तरी मला हसू आलं. मिस्त्री हसला नाही. त्यानं हात पुसले, त्या गाडीची किल्ली तिला दिली आणि स्वतः मागच्या सीटवर बसला. चौकातले लोक बघत राहिले.

दोघं अर्ध्या तासानं परतले.

"हेच घ्या मास्तर," तो म्हणाला. "तुमाले मांगं बसाले बेस हाये."

तेव्हापासून मी मागं बसतो, आणि ताठ बसतो.