ताईची डिस्क

मी पदवीधर झालो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. शिवणकाम करून तिने मला लॅपटॉप घेऊन दिला, तोही मुद्दाम मोठ्या हार्ड डिस्कचा. पुण्यात येईपर्यंत तो इतका मंदावला होता, की मी तो चालू करून अंघोळीला जायचो.

नोकरीची ऑनलाइन मुलाखत ठरली, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन कसबा पेठेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. एकाच किमतीत एक टीबीची साधी हार्ड डिस्क होती आणि पाव जागेची, पण कितीतरी वेगवान एसएसडी.

"मोठीच द्या," मी म्हणालो.

"अहो, गोदाम थाटायचंय का? तुमची जुनीच निम्मी रिकामी आहे," दुकानदार म्हणाले.

"पण ती काढायची कशी? ताईने दिलेली आहे. तिच्या लग्नाचं शूटिंग आहे त्यात. टाकवत नाही."

"टाका म्हटलं कोणी? डबीत बसवून देतो. हवी तेव्हा बाहेरून जोडा."

एसएसडी बसली, मुलाखतही नीट झाली. मग मी ताईला पत्र लिहिले:

"ताई, नोकरी लागली. लॅपटॉप आता लगेच सुरू होतो, त्यामुळे अंघोळ आधीच उरकावी लागते. तुझी डिस्क लग्नासकट जपून ठेवली आहे. पहिल्या पगारात तुझ्या शिलाई मशीनला मोटर बसवू. मशीन तेच राहील, पायांना तेवढा आराम."