उंबऱ्यावरच्या दोन घोंगड्या

नेकनूरच्या बाजूचे आमचे गाव आम्ही गुढीपाडव्याच्या सकाळी सोडले. दिवस वडिलांनी ठरवून निवडला होता. मागे राहिलेल्या भावकीला त्याचे कारण सांगावे लागत नाही. शहरात गेलेल्या नातवंडांसाठी लिहितो.

पाडव्याला गडी नव्या सालाला लागे. मालक घोंगडी देई. ती खांद्यावर घेतली की गडी बांधला गेला. आमच्या आजोबांनी ती गावच्या पाटलांकडून घेतली, उचल कधी फिटली नाही आणि पुढे सुटका उरली नाही. वडील पाटलांच्या गोठ्यातच जन्मले. मग निजाम सरकारने ही पिढीजात बांधणी रद्द केल्याचा हुकूम आला. तहसीलदाराने सुटलेल्या गड्यांना शिरूर कासारकडची पडीक सरकारी जमीन, बैलजोडी आणि बियाणे देऊ केले. पुष्कळांनी भीतीने नाकारले. वडिलांनी घेतले.

त्या सकाळी पाटील स्वतः दारात आले. हातात दोन घोंगड्या. एक वडिलांची, दुसरी माझी. मी नांगर धरण्याच्या वयाचा झालो होतो.

"कुठं निघालास बे, म्हादू? तितं निस्ते धोंडे हायती. धोंडे खाशील का?"

"खाईन, मालक. पन माजे खाईन."

पाटील हसले. दोन्ही घोंगड्या त्यांनी उंबऱ्यावर टाकल्या. नव्या, काळ्याभोर. आमच्याजवळ पांघरायला चिंधीही नव्हती. आई मागून म्हणाली, "थंडीत गारठून मरू, पन शिवू नगा." वडील त्या ओलांडून बाहेर पडले. त्यांच्यामागे मी.

पुढची थंडी आम्ही गोणपाटात काढली. वेचलेल्या धोंड्यांचा वडिलांनी बांध घातला. माती अडली, ज्वारी पुरुषभर वाढली. सुगी होताच त्यांनी आष्टीच्या बाजारातून घोंगडी आणली. पाडव्याला ती बांधावर अंथरली आणि तिच्यावर बसले. गावोगावचे गडी त्याच वेळी औताला जुंपले जात होते. दुपार झाली तरी वडील हलेनात.

"अवो, कावून बसलाव? उठायचं न्हाई का?" आईने विचारले.

"आज न्हाई. आज मालक बसलाय."

त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले.

नेकनूरकडच्या त्या गोठ्याला मी घर म्हणत नाही. घर म्हणजे हा बांध. तुम्ही दूर नोकऱ्या करता, करा. पाडव्याला मात्र या. त्या दिवशी आपल्याकडे कोणी औताला हात लावत नाही. घोंगडी अंथरलेली असते. येऊन बसा.