दरवर्षी एक पेला

मुलगी कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेची तयारी करत होती. विषय होता, गांजा कायदेशीर केला तर व्यसन कमी होईल का. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतं?" तिच्याशी मी इतकं उघड खोटं कधी बोललो नव्हतो.

सात वर्षं मी गांजा ओढलाय. पोलिसांच्या धाकाने सुटला, पण त्याची जागा खर्ऱ्याने घेतली. सक्करदऱ्यात आमच्या घरापासून चौकापर्यंत तीन पानठेले. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पुडी हातात. आता माझ्या तोंडात दोनच बोटं जातात. तीन जायला हवीत, लवकर उपचार घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी मी दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि पुन्हा गेलो नाही.

महाशिवरात्रीला मुलगी आणि मी उमरेडला माझ्या वडिलांकडे गेलो. हातमागावर आयुष्य गेलेला माणूस. गल्लीतल्या देवळासाठी भांग वाटायचं काम दरवर्षी त्यांचंच. बदाम, बडीशेप, मिरे घालून पाट्यावर बारीक वाटायची, दुधात गाळायची, मोठ्या माणसांना पेला पेला द्यायची. शेवटी स्वतः एक पेला. मग वर्षभर नाव नाही. पेला संपला की ते लगेच भांगेचा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, राखेने घासायला बसत. आम्ही हसायचो, भांड्यांचा सोस आहे म्हणायचो. मला वाटायचं, काही माणसं जन्मापासूनच आवरलेली असतात, आपण तसे नाही. या समजुतीमागे लपणं सोयीचं होतं.

यंदाही ते गंज घेऊन बसले. शेजारच्या काकांनी टोमणा मारला, "नशा तं चढू दे गा बुढ्या, मंग घास!"

मुलगी हसत म्हणाली, "आजोबा, तुम्हाला दुसरा पेला घ्यावासाच वाटत नाही?"

"वाटते ना. दरसाल वाटते. म्हनून तं घासतो. हाती राखुंडी लागली का पेल्याकडे हात जात नाही."

इतकी वर्षं मी ज्याला स्वभाव समजत होतो, ते दरवर्षी नव्याने करायचं काम होतं.

काका देवळाकडे गेले. मी म्हणालो, "बाबूजी, माहं तोंड उघडत नाही."

त्यांचा हात थांबला. "किती बोटं जातात?"

"दोन."

"अन् हे तू आज सांगून राहिला?"

मग मी सगळंच सांगितलं. खर्रा, त्याआधीचा गांजा, दाढेचं खोटं. मुलगी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. वडिलांनी गंज माझ्याकडे सरकवला. मी घासू लागलो.

परतीच्या एसटीत मुलीने वादविवादाची वही काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "आता सांगा. काय वाटतं?"

मी म्हणालो, "पकडले जायची भीती नसती, तर गांजाबद्दल मी कदाचित लवकर कोणाशी तरी बोललो असतो. पण खर्रा तर चौकात मिळतो. तोही मी तुमच्यापासून लपवलाच. कायदा कसाही असता, तरी बाबूजींसारखा गंज घासायला मी बसलोच नसतो."

तिची वही मांडीवर मिटलेलीच होती.

"उद्या डॉक्टरांकडे किती वाजता जायचं?" तिने विचारलं. "मी येते सोबत."