जाहिराती लागल्या की

आमच्या शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याला कुणी शिकवलं नाही, तरी तो दारातच बूट काढतो. आमच्या या नेपरव्हिल गावातला बर्फ तुडवत रोज चारला येतो, सोफ्याचं उजवं टोक धरतो आणि माझ्या बाबांसोबत साठच्या दशकातल्या घोडेस्वारांच्या ब्लॅक अँड व्हाइट मालिका बघतो. त्याला त्या पाठ आहेत. गोळी सुटायच्या आधीच तो तोंडानं "ढिश्" करतो आणि व्हिलन पडला की स्वतःच्याच मांडीवर थाप मारतो.

बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. जाहिराती लागल्या की म्हातारा टीव्हीचा आवाज बंद करतो, त्यांच्याकडे वळतो आणि म्हणतो, "अँड देन?" मग बाबा मोडक्यातोडक्या इंग्रजीत कालची गोष्ट पुढे सांगतात. एसटीतली नोकरी, आईला बघायला गेले तो दिवस. बंद दाराआड, लॅपटॉपसमोर मला सगळं ऐकू येतं. निम्मं तर मला ठाऊकच नव्हतं. या उपऱ्याला का सांगायचं? मला सांगायला येतात, तेव्हा मी "बाबा, नंतर हं, मीटिंग आहे" म्हणते, ते सोडा.

परवा मीटिंग कॅन्सल केली आणि चहा घेऊन मुद्दाम दोघांच्या मध्ये जाऊन बसले. जाहिरात लागली. म्हाताऱ्यानं आवाज बंद केला.

"अँड देन?"

बाबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं," ते अगदी मायेनं म्हणाले, "तुझी मीटिंग असेल ना?"