चिंध्या सोडल्या त्याची गोष्ट

परातीतला अर्धा रवा वळून झाला होता. मन्नूबिया ओल्या हातांनी कुसकुसचे दाणे गोल गोल फिरवत होती, तेवढ्यात अंगणातून हाक आली, "अगं, आहेस का घरात? घाण्याच्या दाराला ते लाखेचं सील कसलं गं?"

शेजारची शादलिया मावशी. हातात रिकामी बरणी. मन्नूबियाने मान वर न करता परातीत आणखी पाणी शिंपडलं.

सील कोर्टाचं होतं. तिच्या नवऱ्याचा, हमादीचा, ऑलिव्हच्या तेलाचा घाणा दोन हंगाम तोट्यात गेला. स्फाक्स शहरातल्या ज्या व्यापाऱ्याकडून नवं यंत्र उधार आणलं, त्याने वाट बघून बघून शेवटी कोर्टात अर्ज केला. हुकूम झाला, घाणा मोडीत काढा, आत असेल-नसेल ते विका आणि त्याचं देणं भागवा. मंगळवारी कोर्टाने नेमलेले नाझिमसाहेब यादी करायला येऊन गेले.

ते येणार हे सोमवारी कळलं आणि मन्नूबियाने दिवसभर घाणा घासला. परके लोक येणार! दिवाळं वाजलं ते वाजलं, वर 'बाई पण गबाळी आहे' असं कोणी म्हणायला नको. फरशी धुतली, कोळिष्टकं काढली. भिंतीशी गावकऱ्यांचे अकरा रांजण होते. गाळलेलं तेल घाण्यातच थंडाव्याला ठेवायचं आणि रांजणाच्या गळ्याला आपल्या घरच्या जुन्या कापडाची चिंधी बांधायची, ही तिकडची आजे-पणजांपासूनची रीत. चिठ्ठी नाही, पावती नाही. चिंधी बघून कोणीही सांगेल, हा अमक्याचा. पण त्या चिंध्या तेलाने काळ्या, चिकट झाल्या होत्या. मन्नूबियाने सगळ्या सोडल्या आणि साबणाच्या पाण्यात उकळत टाकल्या; मंगळवारी त्या अजून दोरीवरच वाळत होत्या.

"हे कोणाचे?" नाझिमसाहेबांनी विचारलं.

"गावाचे," हमादी म्हणाला.

"खूण काय?"

हमादीने रांजणांच्या लखलखीत गळ्यांकडे बघितलं, मग बायकोकडे. ती कॉफीचं तबक धरून उभी होती. काय सांगणार? तुमच्यासमोर नीटनेटकं दिसावं म्हणून खुणा काढल्या? तिने मान खाली घातली. अकराही रांजण घाण्याच्या मालमत्तेत चढले.

"बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?" मावशी दारातून आत आली.

आतल्या खोलीतून हमादी म्हणाला, "मावशी, कोर्टाचा हुकूम आहे. आमच्या हातात काय आहे?"

"हुकूम तुझ्या यंत्रावर ना रे? माझ्या तेलाने कोणाचं काय घोडं मारलंय? तीन रांजण माझे. वर्षभराच्या कालवणाचं तेल आहे त्यात. तुझ्या काकांच्या हिरव्या झग्याची चिंधी बांधलीय, आंधळ्यालाही दिसेल."

"मावशी, ती चिंधी मी सोडली," मन्नूबिया म्हणाली आणि परातीकडे बघत सगळं सांगून टाकलं.

मावशीला आधी हसू आलं. "म्हणजे म्हाताऱ्याचा झगा धुतलास? तीस वर्षांत मी नाही धुतला!" मग तिने हातातली बरणी खाली ठेवली. "आणि साहेबाने विचारलं तेव्हा?"

"गप्प राहिले."

"का गं?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

हमादी बाहेर आला. "यादीवर हरकत घ्यायला शनिवारपर्यंत मुदत आहे. पण आता बोललीस तर म्हणतील, माल लपवायला गावकऱ्यांची नावं पुढे करतायत. उरलीसुरली अब्रूही जाईल."

"जाऊ दे," मन्नूबिया म्हणाली. "लोकांची ठेव आपल्या कर्जात घालून मी नमाजेला कुठल्या तोंडाने उभी राहू? चिंध्या मी काढल्या, असं मीच लिहून देते."

"दे, दे. सही करायला मीही येते," मावशी म्हणाली. "पण एकट्या माझ्यावर भागायचं नाही. आणखी चार घरचे रांजण आहेत. त्यांना कोण सांगणार? कोर्टाचा शिपाई?"

मन्नूबियाने हात धुतले, डोक्यावरून चादर घेतली. आधी दर्ग्यामागच्या लतीफाकडे जायचं होतं. दोन रांजण तिचे होते.